एका इंचात अठरा आटे

माझ्या मुलीचा क्यू कूलरने वाकवला. क्यू म्हणजे पूल खेळायची काठी. तिचे दोन तुकडे असतात. मागचा जाड तुकडा हातात धरायचा, त्याला बट म्हणतात. पुढचा निमुळता, ज्याच्या टोकाने चेंडू मारायचा, तो शाफ्ट. बटच्या तोंडाशी आटे असलेली लोखंडी पिन असते आणि शाफ्टच्या बुडाशी, आतून आटे पाडलेला पितळी बुश असतो. पिन बुशात फिरवली की क्यू तयार. एवढं समजलं की पुढचं सगळं समजतं. मला नेमकं एवढंच नीट समजलं नाही, त्याची ही हकिकत आहे.

मी भिलाईच्या पोलाद प्लांटच्या रोल टर्निंग शॉपमध्ये बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची एकोणीस तपासनीस म्हणून. मिलमध्ये तापलेलं लोखंड ज्या रोलांतून पिळून निघतं, ते रोल आमच्याकडे लेथवर, म्हणजे फिरवून कातायच्या यंत्रावर, उतरायचे. केसाच्या जाडीपेक्षा कमी फरक पकडायचा आणि काम बरोबर असेल तर पोलादी पंचाने त्यावर आपला टोकन नंबर, म्हणजे कामगाराचा क्रमांक, ठोकायचा, हे माझं काम. तो नंबर ठोकला की पुढची जबाबदारी माझी. चुकलेल्या कामाचीही आमच्यात एक रीत होती. दाराजवळ एक फळी होती. ज्याच्या हातून जॉब बिघडला, त्याने स्वतः खडूने त्यावर आपला नंबर लिहायचा आणि तो जॉब आठ दिवस त्या फळीवर ठेवायचा. दुसऱ्या कुणी लिहायचं नाही, कुणी हसायचंही नाही. येता-जाता सगळे बघायचे, बस. आठ दिवसांनी तो तुकडा भंगारात जायचा आणि गोष्ट संपायची. माझा नंबर त्या फळीवर एकदाही चढला नाही. हे मी घरात किती वेळा सांगितलं असेल त्याची गणतीच नाही. मुलगी पाचवीत असताना तिने शाळेच्या निबंधातही लिहिलं होतं.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, धानाच्या बांधावरून उठून भिलाईत आलेले. सेक्टर सहामधल्या क्वार्टरमध्ये मुलगी वाढली, आणि निवृत्तीच्या आधी आम्ही बोरसीला घर बांधलं. मुलगी जुनवानीच्या एका कॉलेजात लॅब सांभाळते. पूल खेळायला ती तिथेच शिकली, कॉलेजजवळच्या एका पार्लरमध्ये. पहिल्या मजल्यावर चार टेबलं, खाली मोबाइलची दुकानं. ती तिथे जाते हे मला तीन वर्षांपूर्वी शेजाऱ्याकडून कळलं. सांगताना त्याचा चेहरा असा होता, की जणू पोरीला पोलिसांनीच पकडलंय. माझं डोकं फिरलं. स्कूटर काढली आणि थेट पार्लरच्या जिन्यावर.

त्या दिवशी मी जे केलं ते लिहिताना आजही हात अडतो. ती टेबलावर वाकून नेम धरत होती. मी दारातूनच ओरडलो, "चाल घरी." आणि पार्लरवाल्याला हिंदीत सुनावलं, की घरच्या पोरींना इथे उभं करतोस, लाज नाही वाटत? सात-आठ पोरं बघत होती.  पार्लरवाल्याने तिच्या हातून क्यू घेतला आणि भिंतीवर लावला. तिने खडू टेबलाच्या काठावर ठेवला आणि माझ्यामागे खाली आली. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. नंतरही नाही. म्हणजे जेवायला वाढलं का, दूधवाला आला का, एवढं बोलायची. बाकी तिचं सगळं बोलणं आईशी.

खेळ तिने सोडला नाही. मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. पहिल्या पगारातून तिने गाव सोडून जाणाऱ्या एका खेळाडूचा परदेशी क्यू विकत घेतला. तो ती पलंगाशेजारी भिंतीला उभा ठेवायची.

मी निवृत्त झाल्यावर एका दुपारी मुलीच्या आईने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मुलगी जिल्ह्याची स्पर्धा जिंकली होती, त्याचा व्हिडिओ. "पाहून तं घ्या," ती म्हणाली. मी पाहिलं. चेंडू कुठे गेला याच्याशी मला देणंघेणं नव्हतं, मी तिचा कोपर पाहत होतो. पुढेमागे, पुढेमागे, रेषा न सोडता, चांगल्या लेथवरचं, हत्यार पुढे नेणारं कॅरेज जातं तसा. हे कुणी शिकवून येत नाही. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने आत गेलो. आपण कशाला आडवे गेलो होतो, ते तेव्हा कळलं. पण कळणं वेगळं आणि तोंड उघडून सांगणं वेगळं. तोंड उघडायला मला कूलरची मदत लागली.

आमच्याकडे एप्रिलपासून पाण्याचा कूलर चालतो. त्याच्या ओल्या हवेत क्यू दोन महिने उभा होता आणि लाकडाने व्हायचं ते केलं. एका सकाळी ती शाफ्ट फरशीवर घरंगळवत होती. मी पेपर वाचत होतो. शाफ्ट सरळ असला की एकसारखा आवाज येतो. हा थांबत-थांबत टकटक करत होता.

"वाकला तो," मी पेपरमागून म्हटलं.

"हो," ती म्हणाली.

मी उठलो. शाफ्ट जेवणाच्या काचेच्या टेबलावर ठेवला, खालून उजेड दिसत होता तिथे फट मोजायची गेजची पाती सरकवली आणि किती वाकलाय ते सांगितलं.  मग ती स्वतःहून बोलली. रायपूरला राज्याच्या संघाची निवड चाचणी दहा दिवसांवर आली आहे. आता बरेच जण कार्बन फायबरचा शाफ्ट वापरतात. तो पाण्याने, हवेने वाकत नाही, घामाच्या हाताला चिकटत नाही.

"आनखी एक आहे," म्हणत तिने टेबलावर लिंबू ठेवलं. चेंडूला मधोमध न मारता बाजूने मारलं की तो फिरतो, पण फिरता-फिरता नेमाच्या रेषेवरून जरासा बाजूला सरकतो. शाफ्टचं टोक जड असेल तर जास्त सरकतो, हलकं असेल तर कमी. कार्बनचा आतून पोकळ, म्हणून टोक हलकं. मला लगेच पटलं. वजनाच्या गोष्टी मला पटतात.

"मी येतो पाहाले," मी म्हटलं.

तिने लिंबू उचललं, थोडा वेळ हातात धरलं. "चाला मंग," ती म्हणाली. तीन वर्षांत तिने मला पहिल्यांदा कुठे चला म्हटलं होतं.

त्या रविवारी आम्ही बसने रायपूरला गेलो. मी खिशात रुमालात गुंडाळून जाडी मोजायचा व्हर्नियर घेतला होता, गेजची पाती आणि एक भिंगही. दुकानदाराने तीन शाफ्ट काढले. तिन्ही काळे, गुळगुळीत, दिसायला सारखे. फरक टोकाच्या जाडीचा: एक बारा मिलिमीटरच्या आतला, एक साडेबाराच्या जवळचा, एक तेराला टेकलेला. मी मनातल्या मनात तेरावाला घेऊन टाकला, कारण जाड ते मजबूत ही आमच्या शॉपची सवय.

"बाबा, हा फावडा आहे," ती म्हणाली. "बारीक जागी मारता येत नाही मले याच्यानं. आनि तो पहिला लय पतला, जरा हात चुकला की गोळी कुठच्या कुठं." चेंडूला ती गोळी म्हणते.

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. काउंटरच्या काचेवर एकेक शाफ्ट घरंगळवला, भिंगातून खालची फट पाहिली, दर वीतभर अंतरावर व्हर्नियर लावून माप एका कागदावर उतरवलं. दुकानातली दोन पोरं माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती. हसोत बापडी. इकडे मी मापं घेत होतो, तिकडे ती दुकानातल्या टेबलावर दुकानाच्या बटला त्याच जाडीचे नमुन्याचे शाफ्ट एकेक करून लावून एकच चेंडू पुन्हा पुन्हा मारत होती. डोळे मिटून आवाज ऐकायची. अर्ध्या तासाने दोघं काउंटरशी आलो. मी मधल्या शाफ्टवर बोट ठेवलं, कारण तो सगळ्यात सरळ होता. तिने त्याच वेळी त्याच शाफ्टवर बोट ठेवलं, कारण तो तिच्या हाताला बरा वाटला होता. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि ती हसली. मला इतका आनंद झाला की मी दुकानदाराचा हात हातात घेऊन हलवला. त्या बिचाऱ्याला कारण कळलं नाही.

मग जोडाचा प्रश्न आला. नव्या शाफ्टला बुश बसवलेला नव्हता. प्रत्येक कंपनीच्या पिनचे आटे वेगळे असतात, दुकानदार हिंदीत म्हणाला, बट ठेवून जा, पाच दिवसांत बुश बसवून देतो. पाच दिवस बट नाही म्हणजे पाच दिवस सराव नाही. मी म्हटलं, बुश मी बनवून घेईन.

"साब, इसमें ज़्यादातर इंच वाला थ्रेड आता है," तो म्हणाला.

"हमारे यहाँ सब मिलीमीटर है," मी म्हटलं. आमचा प्लांट रशियन ड्रॉइंगांवरून उभा राहिला. पहिल्या बोल्टपासून सगळं मिलिमीटरमध्ये. बत्तीस वर्षांत मी इंचाचा आटा हाताळला असेल तर कुणाच्या जुन्या सायकलीचा.

बसमध्ये तिने एकदा विषय काढला. "बाबा, तो इंच बोलला ना. एक बार फोन करून विचारू का मी, ज्यांच्याकडून क्यू घेतला त्यांना?"

"पोरी, पिन मी पाहिली आहे. आठ एमएम आहे. आता मले आटे शिकवतं का तू?"

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटलं, पटलं तिला.

घरी येऊन मी पिन मोजली. सात पूर्णांक नऊ. आठच्या बोल्टला व्हर्नियर लावला तर असंच येतं, ते कुठलाही फिटर झोपेत सांगेल. दोन आट्यांमधलं अंतर मोजायची पाती वेगळी असते. ती मी निवृत्त होताना शॉपमध्ये जमा केली होती. साधा आठचा नट लावून पाहिला असता तरी कळलं असतं. नटांचा डबा माळ्यावर होता आणि मला शिडी काढायचा कंटाळा आला. खरं कारण कंटाळाही नाही. ज्याच्याबद्दल शंका असते त्याची तपासणी करतात, आणि मला शंका नव्हती.

माझ्याबरोबर काम केलेला एक टर्नर आता औद्योगिक वसाहतीत स्वतःचा लेथ चालवतो. त्याच्याकडून मी पितळी बुश करून घेतला, आठ एमएमचा टॅप मारून, म्हणजे आतून आटे पाडून, आणि शाफ्टमध्ये चिकटवूनही घेतला. बाहेरून इतका सुबक बसला होता की नखाला सांधा लागत नव्हता. मी तो घरी आणला. चाचणीला तीन दिवस होते. दुपारची वेळ, मुलगी कॉलेजात, तिची आई बाजारात. तिला संध्याकाळी तयार क्यू हातात द्यावा म्हणून मी बट घेतला आणि जोडायला लागलो.

दोन फेरे लोण्यासारखे गेले. तिसरा घट्ट. मी म्हटलं, नवं पितळ आहे, बसेल. तेलाचा थेंब सोडला. चौथ्या फेऱ्याला हात घसरायला लागला म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून पकड घेतली. पाचवा फेरा गेला आणि सगळं थांबलं. बट आणि शाफ्टच्या मध्ये अजून बोटभर फट होती. मग मी उलटं फिरवायला लागलो. जोर लावला, आणखी लावला, आणि एकदम सैल झालं. हुश्श केलं. बट हातात आला तेव्हा पाहिलं, त्याच्या तोंडाशी पिन नव्हती. पिन शाफ्टमध्ये अडकून राहिली होती आणि बटच्या लाकडातून, जिथे ती चिकटवलेली होती तिथून, मुळासकट निघून आली होती. आत नुसतं भोक.

पहिली गोष्ट मी काय केली असेल तर दुकानदाराला फोन लावला आणि तोंड सोडलं. तुझा माल असा, तुझा माल तसा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साब, एक इंच में कितने थ्रेड हैं, गिने क्या?" मी फोन ठेवला. मुलीच्या टेबलावरची शाळेतली जुनी पट्टी घेतली, तिची इंचाची बाजू पिनच्या उघड्या भागाला लावली आणि पेन्सिलीच्या टोकाने आटे मोजले. अर्ध्या इंचात नऊ. बरोबर नऊ, ना कमी ना जास्त. म्हणजे इंचात अठरा. आठ मिलिमीटरच्या आट्याशी या आट्याचं दोन फेऱ्यांपुरतंच जमतं, त्यापुढे दोघं एकमेकांना खातात.

मी तिथेच खुर्चीवर बसलो. घरात कुणी नव्हतं. खोटं का बोलू, मी एक वाक्य तयार केलं होतं: "मालच खराब निघाला, बाई." मनात दोन-तीनदा म्हणूनही पाहिलं. तिने ऐकून घेतलं असतं. बापाचा नंबर फळीवर कधी चढला नाही, हे तिला पाचवीपासून पाठ होतं.

तिच्या क्यूच्या पिशवीत निळा खडू होता, क्यूच्या टोकाला लावतात तो. मी तो काढला. काळ्या शाफ्टवर, मधोमध, मोठ्या अक्षरात माझा टोकन नंबर लिहिला आणि तो दाराजवळच्या चपलांच्या फळीवर ठेवला. शेजारी बट.

ती पाच वाजता आली. चप्पल काढायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मी समोर उभा होतो. तिने नंबर वाचला, मग बट उचलून त्यातलं भोक पाहिलं.

"इंचाचं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मी म्हटलं होतं."

"हो."

"तुमी म्हटलं, मले शिकवतं का."

"हो."

ती आत गेली. बाथरूममध्ये बराच वेळ नळ चालू होता. तिची आई बाजारातून आली, तिने फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली. मुलगी बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज ठीक होता.

"तीन दिवस आहेत. मले क्यू पायजे. पार्लरच्या भाऊंकडे त्यांचा सोताचा एक आहे. लाकडाचाच आहे, पन सरळ आहे. तो ते कोनालेच देत नाई." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी नाई मागनार. तुमी मागा."

 मी विचारलं, "आत्ताच?"

"हो. पाच मिनिटांत निघू."

स्कूटर मी चालवली, ती मागे. जुनवानीचा तो जिना मी तीन वर्षांपूर्वी दोन-दोन पायऱ्या घेत चढलो होतो. या वेळी प्रत्येक पायरी मोजली. पार्लरमध्ये पाच-सहा पोरं खेळत होती. पार्लरवाल्याने मला पाहिलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तीन साल पहले मैं आया था," मी म्हटलं.

"याद है."

"उस दिन मैंने जो कहा, गलत कहा. सबके सामने कहा था, इसलिए सबके सामने बोल रहा हूँ." पोरांनी खेळ थांबवला होता. "बिटिया का क्यू मेरे हाथ से टूटा है. मेरी गलती से. उसको ट्रायल के लिए आपका चाहिए."

 आतल्या कपाटाचं कुलूप उघडून त्याने क्यू काढला आणि माझ्या हातात दिला. खिशात व्हर्नियर होता, हात तिकडे गेलाही. मी हात मागे घेतला आणि क्यू तसाच मुलीला दिला. मग त्याने एक प्लास्टिकची खुर्ची ओढली.

"बैठिए. उस दिन आपने इसका फ्रेम पूरा नहीं होने दिया था. आज देखकर जाइए."

मी बसलो. ती पाऊण तास खेळली. मी पूर्ण पाऊण तास तिचा कोपर पाहिला आणि शेवटी-शेवटी चेंडूही पाहायला लागलो.

चाचणीत तीन मुली घ्यायच्या होत्या. ती चौथी आली, राखीव. शेवटच्या फ्रेममध्ये, म्हणजे डावात, तिला काळा चेंडू टेबलाच्या खिशात घालायचा होता आणि त्यासाठी क्यूने मारायच्या पांढऱ्या चेंडूला बाजूने मारायचं होतं. तिने बरोबर मारलं. पांढरा लिंबाएवढाही नाही, लिंबाच्या बीएवढा बाजूला सरकला आणि काळा खिशाच्या ओठाला लागून परत आला. टोक हलकं असतं तर काय झालं असतं, हे त्या हॉलमध्ये आम्हा दोघांनाच नीट माहीत होतं.

परतीच्या बसमध्ये तिने फुटाण्याचा पुडा माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "माह्यामुळं गेलं हे."

"एक गोळी होती बाबा," ती म्हणाली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पुडा मात्र तसाच धरून ठेवला, मी घेईपर्यंत.

शाफ्ट आठ दिवस चपलांच्या फळीवर राहिला. येणारे-जाणारे विचारायचे, मी सांगायचो. तो शेजारीही एकदा आला, त्यालाही सांगितलं, पार्लरपासून सगळं. नवव्या दिवशी सकाळी मी तो उचलला. म्हटलं, रीत पुरी झाली, आता याचा निकाल लावू.

"थांबा," मुलगी म्हणाली. तिने ओलं फडकं आणलं आणि शाफ्टवरून एकदाच फिरवलं. निळा नंबर साफ निघून गेला, डागसुद्धा राहिला नाही. "कार्बनचं हेच तं चांगलं आहे," ती म्हणाली. "चाला लेथवर. आनि तुमचा पंचचा डबा घ्या."

टर्नरने बिघडलेला बुश कोरून काढला, पिन सोडवली, बटच्या भोकात नवं चिकटवण घालून सरळ बसवली. इंचाचा अठराचा टॅप त्याच्या ड्रॉवरमध्ये आधीपासून पडलेला होता. "तुमी मांगितलाच नाई त्या दिवशी," तो म्हणाला. "तपासनीस साहेबाले मी कसं विचारू?" 

नवा बुश तयार झाला. अजून शाफ्टमध्ये बसवायचा होता. मुलीने तो उचलून माझ्या हातात दिला. मी या वेळी सगळं केलं. पट्टी लावून आटे मोजले, बुश पिनवर ठेवून दोन बोटांनी फिरवला. तेल नाही, जोर नाही. शेवटपर्यंत गेला आणि जिथे थांबायला हवं तिथेच थांबला. पुन्हा काढला, पुन्हा लावला. पाच वेळा.

"पास?" तिने विचारलं.

"पास."

तिने पंचचा डबा उघडून माझ्यासमोर सरकवला. "मंग नंबर मारा."

"माह्या नंबरनंच बिघडलं होतं ना, बाई."

"म्हनूनच," ती म्हणाली.

मी बुश ठोकळ्यात धरला. पंचाचे ते बारीक आकडे मी हजारो वेळा ठोकले असतील, पण त्या दिवशी प्रत्येक आकडा दोनदा बघून लावला आणि ती बाजूला उभी राहून ठोकळा धरून होती. बुशाच्या तोंडावर एकेक आकडा बसला. शेवटचा किंचित तिरका आला. मी म्हटलं, दुसरा बुश करू. ती नको म्हणाली.

आता ती त्याच शाफ्टने खेळते. पुढच्या चाचणीला अजून वेळ आहे. पार्लरमध्ये माझी प्लास्टिकची खुर्ची ठरलेली आहे. क्यू जोडलेला असला की तो नंबर दिसत नाही, दोन्ही तुकड्यांच्या मध्ये दबून असतो. खेळ संपला की ती क्यू उघडते, तेव्हा दिसतो. पिशवीत ठेवण्याआधी ती त्याच्यावरून एकदा अंगठा फिरवते, असं तिच्या आईने मला सांगितलं. माझ्यासमोर ती तसं करत नाही.